जॉन लेनन: स्वतःचाच आवाज न आवडणारा गायक आणि कॅसेटमध्ये अडकलेलं त्याचं गाणं

जून २०२३ मध्ये ही बातमी तुमच्याही फोनवर आली असेल. एआयने बीटल्सचं नवं गाणं बनवलं, जॉन लेनन पुन्हा गाणार, वगैरे. आमच्या टीमच्या ग्रुपवर दिवसभर तोच विषय होता. निम्म्यांचं म्हणणं, भारी आहे. उरलेल्यांचं म्हणणं, गेलेल्या माणसाला तरी सोडा. मुळात झालं होतं एवढंच की, बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने बीबीसी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं, जॉनच्या एका जुन्या टेपमधला आवाज एआयच्या मदतीने वेगळा काढला आणि त्यावर शेवटचं गाणं पूर्ण केलं. हेडलाइनपर्यंत पोचता पोचता 'काढला'चं 'बनवला' झालं.

या दोन क्रियापदांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो समजून घ्यायला मॉडेल कसं चालतं एवढं बघून भागत नाही, तो आवाज कुणाचा होता हेही बघावं लागतं. कारण गंमत अशी की जॉन लेननला स्वतःचा आवाज अजिबात आवडायचा नाही. तो लपवायला तो आयुष्यभर इंजिनिअर लोकांच्या मागे लागायचा.

मिमीमावशीचा जॉन

जॉनचा जन्म ९ ऑक्टोबर १९४०चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. दुसरं महायुद्ध चालू होतं. वडील जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात क्वचितच. आईवडिलांचं फिसकटलं आणि पाच वर्षांचा असताना पोरगा आईच्या थोरल्या बहिणीकडे, मिमीमावशीकडे आला. मावशी कडक, घर टापटीप, कपाटात पुस्तकं. आई ज्युलिया फार लांब राहत नव्हती, पण तिचा वेगळा संसार होता. जरा मोठा झाल्यावर जॉन तिच्याकडे जायला लागला. तिथे एल्विसच्या रेकॉर्ड वाजायच्या आणि आई बँजो वाजवायला शिकवायची. त्यामुळे हातात गिटार आली तेव्हा हा पठ्ठ्या सहा तारांच्या गिटारवर बँजोचेच कॉर्ड वाजवायचा.

६ जुलै १९५७ला तिथल्या चर्चच्या जत्रेत जॉनचा शाळकरी बँड वाजवत होता. त्या दिवशी त्याची ओळख पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशी झाली. योगायोग बघा, गर्दीतल्या एका मुलाने टेपरेकॉर्डर आणला होता आणि त्याने त्या संध्याकाळचं थोडंसं गाणं टेप केलं. ती टेप चक्क टिकली आणि १९९४ मध्ये तिचा लिलावही झाला. म्हणजे जॉनचा आवाज टेपवर चढला तोच मुळी पॉल भेटला त्या दिवशी.

पॉलची आई आदल्याच वर्षी कॅन्सरने गेली होती. पुढच्या वर्षी, १५ जुलै १९५८ला, ज्युलिया मावशीच्या घरून निघाली, रस्ता ओलांडताना एका पोलिसाच्या गाडीने तिला उडवलं आणि ती जागीच गेली. जॉन सतरा वर्षांचा होता. या दोघांच्या दोस्तीबद्दल लिहिणारे गाण्यांबद्दल खूप लिहितात. मला वाटतं, आई नसलेली दोन पोरं एकमेकांना सापडली, हे त्यातलं मोठं कारण असावं.

पुढची गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत असेल. जॉर्ज हॅरिसन आला. १९६० पासून जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्ररात्र वाजवून पोरं तयार झाली. १९६२ मध्ये रिंगो स्टार ड्रमवर आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये 'लव्ह मी डू' ही पहिली रेकॉर्ड निघाली. दीड वर्षात अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतलं. फेब्रुवारी १९६४ मधला त्यांचा एक टीव्ही शो तिथे सुमारे सात कोटी लोकांनी बघितला.

आवाज लपवायचा उद्योग

११ फेब्रुवारी १९६३. लंडनचा एबी रोड स्टुडिओ, तेव्हाचा ईएमआयचा स्टुडिओ. एका दिवसात दहा गाणी उरकायची होती. जॉनला सर्दी झालेली, घसा बसलेला. सगळ्यात शेवटी 'ट्विस्ट अँड शाउट' घेतलं, कारण ते गायल्यावर घशात काही उरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तसंच झालं. त्या फाटलेल्या आवाजावर जग फिदा झालं. जॉनला मात्र पुढे बरीच वर्षं त्याची लाज वाटायची.

तिथून त्याची भुणभुण सुरू झाली. काहीतरी करा, हा माझ्यासारखा वाटता कामा नये. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तीच ओळ दोनदा गायची आणि एकावर एक चढवायची. दोन आवाजांत किंचित फरक राहतो, त्यामुळे आवाज भरदार वाटतो. पण एकच ओळ अगदी तशीच दोनदा गायचा त्याला कंटाळा. १९६६ मध्ये स्टुडिओतला इंजिनिअर केन टाउनसेंड याने तोडगा काढला. आवाजाची कॉपी दुसऱ्या टेप मशीनवरून सेकंदाच्या छोट्याशा भागाने मागेपुढे करून मूळ आवाजात मिसळायची. दुसऱ्यांदा गायची गरजच नाही. याला एडीटी म्हणतात. आज कुठलंही म्युझिक ॲप उघडा, व्होकलच्या इफेक्टमध्ये 'डबलर' असं काहीतरी दिसेल. त्याचा पणजोबा हाच.

त्याच वर्षी 'टुमॉरो नेव्हर नोज' करताना जॉनची फर्माइश होती की आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यायला हवा. मला दोरीने छताला उलटं टांगा आणि मायक्रोफोनभोवती फिरवा, असाही एक प्रस्ताव त्याने दिला. (क्लायंटच्या रिक्वायरमेंट ऐकून ज्यांना रडू येतं, त्यांनी या स्टुडिओचा इतिहास वाचावा.) इंजिनिअर जेफ एमरिक तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. माणूस फिरवण्याऐवजी त्यांनी स्पीकर फिरवला: ऑर्गनसाठी वापरतात तो गोल फिरणारा लेस्ली स्पीकर घेतला, जॉनचा आवाज त्यातून सोडला आणि तो पुन्हा रेकॉर्ड केला. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'मध्ये तर वेगळ्या सुरातले आणि वेगळ्या वेगाचे दोन टेक टेपचा वेग कमीजास्त करून जोडले आहेत. सांधा एका मिनिटाच्या आसपास आहे, लक्ष देऊन ऐकलं तर सापडतो.

हे सगळं होत होतं चार ट्रॅकच्या टेपवर. फोटो एडिटिंग ॲपमध्ये लेयर असतात ना, तसे चार लेयर. पाचवा हवा तर आधीचे एकत्र करून टाकायचे. एकदा एकत्र केले की संपलं, परत वेगळे होत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या आश्रमात ऋषिकेशला आले. (त्याच्या महिनाभर आधी जॉर्जने आपल्या मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं होतं. 'द इनर लाइट' या गाण्याचं संगीत तिथलंच.) ऋषिकेशला ना स्टुडिओ होता, ना लेस्ली स्पीकर. साधी गिटार आणि हाताशी भरपूर वेळ. सोबत आलेल्या डोनोव्हन या गायकाने जॉनला बोटांनी तारा छेडायची एक पद्धत शिकवली. ती वापरून जॉनने केलेलं एक गाणं आईचं आहे, नाव 'ज्युलिया'. बीटल्सच्या सगळ्या गाण्यांमध्ये जॉन पूर्ण एकटा आहे असं हे एकच गाणं.

पाच वर्षं घरी

१९६९ मध्ये जॉनने जपानी कलाकार योको ओनोशी लग्न केलं आणि १९७० मध्ये बीटल्स संपले. त्या वर्षीच्या त्याच्या एकट्याच्या अल्बममध्ये तो आईला आणि वडिलांना अक्षरशः ओरडून हाका मारतो. मग 'इमॅजिन', मग न्यूयॉर्क, मग अमेरिकेतून हाकलू पाहणाऱ्या सरकारशी वर्षानुवर्षं चाललेला खटला. ग्रीन कार्ड मिळालं १९७६ मध्ये.

त्याला संत करायची गरज नाही. शांततेची गाणी लिहिणाऱ्या या माणसाने बायकांवर हात उचलला होता आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने कबूलही केलं. पहिल्या बायकोपासून झालेला मुलगा ज्युलियन बापाच्या वाट्याला फारसा आलाच नाही. १९७५ मध्ये, जॉनच्याच वाढदिवसाला, शॉन जन्मला तेव्हा मात्र त्याने सगळं बाजूला ठेवलं. योको धंदा सांभाळायची, हा घरी पोराला सांभाळायचा, पाव भाजायचा. पाच वर्षं एकही अल्बम नाही.

पण गाणी सुचायची थांबली नव्हती. न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीतल्या घरी तो पियानोवर साधा कॅसेट रेकॉर्डर ठेवायचा, बटण दाबायचा आणि गायचा. कच्चं काम. काही ओळी नुसत्याच गुणगुणलेल्या, शब्द नंतर भरू म्हणून. १९७७च्या सुमाराचं त्यातलं एक गाणं म्हणजे 'नाऊ अँड देन'. इथे आवाज लपवायला काहीच नव्हतं. ना दुसरा थर, ना फिरणारा स्पीकर. कुणाला ऐकवायचंच नव्हतं, तर लपवायचं कशाला?

१९८० मध्ये तो परत आला, नोव्हेंबरमध्ये 'डबल फँटसी' हा अल्बम निघाला. तीन आठवड्यांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, डकोटाच्या दारातच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय चाळीस.

हळद वेगळी काढता येते का?

१९९४ मध्ये योकोने जॉनच्या काही कॅसेट पॉलला दिल्या. उरलेले तिघे एकत्र बसले, सोबत निर्माता जेफ लिन. त्यातून 'फ्री ॲज अ बर्ड' आणि 'रिअल लव्ह' ही दोन गाणी पूर्ण होऊन १९९५-९६ मध्ये बाहेर आली. 'नाऊ अँड देन'वर १९९५ मध्ये काम सुरू झालं, जॉर्जने गिटारही वाजवली, आणि मग ते सोडून दिलं. जॉर्जला गाणं तितकंसं पटलं नव्हतं. पण तांत्रिक अडचणही खरी होती.

टेपवर विजेची सततची घरघर होती. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची (आपल्याकडे ५०), त्यामुळे घरघर ६०वर आणि तिच्या पटीत १२०, १८० अशी वर वर बसते. त्या नेमक्या जागा फिल्टरने खाली दाबता येतात, जरी थोडा पियानोही त्यासोबत जातो. खरा लोचा वेगळाच होता. आवाज आणि पियानो एकाच मोनो ट्रॅकवर, एकमेकांत मिसळलेले. पियानो जोरात आला की जॉन बुडायचा. जॉनला वर काढावं तर पियानोही वर यायचा.

पोह्यांतून शेंगदाणे वेचून काढता येतात, हळद काढता येत नाही. इथे हळद झाली होती. समजा, जॉन मधला सा म्हणून २६१ हर्ट्झवर गातोय आणि पियानोवरही त्याच क्षणी तीच पट्टी दाबलेली आहे. इक्वलायझरला फक्त फ्रिक्वेन्सी कळते. २६१ कमी कर म्हटलं की तो दोघांचीही कमी करणार. स्टिरिओ गाण्यांत डावं-उजवं वजा करून मधला गायक घालवायची कराओकेवाली जुनी युक्ती असते. मोनोमध्ये डावं-उजवंच नाही.

मग माणसाच्या कानाला कसं कळतं? गाण्याचा स्पेक्ट्रोग्राम काढा, म्हणजे आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी आणि जिथे आवाज मोठा तिथे रंग उजळ. पियानोचा सूर एकदम ठोक्याने सुरू होतो आणि सरळ रेषेत विझत जातो. गळ्यातला सूर हळू चढतो, थरथरतो, घसरतो, मध्येच श्वास येतो. दोन्हींच्या रेषा दिसायलाच वेगळ्या. मशीन लर्निंग मॉडेलला हजारो तास हेच दाखवतात: हा नुसता गळा, हा नुसता पियानो, आणि हे दोन्ही मिसळून केलेलं गाणं. मिश्रण आपणच केलेलं असल्यामुळे बरोबर उत्तर आधीच माहीत असतं. मॉडेल अंदाज करतं, उत्तराशी ताडून बघतं, चुकलं तर सुधारतं. शेवटी ते स्पेक्ट्रोग्रामच्या प्रत्येक बारीक चौकोनाला सांगू शकतं की यातला किती भाग गळ्याचा आणि किती इतरांचा.

हे आज घरबसल्या करता येतं. स्प्लीटर आणि डेमक्स ही दोन टूल फुकट आणि ओपन सोर्स आहेत. मी डेमक्सला आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट दिली होती. आवाज बऱ्यापैकी निघाला, पण जात्याची घरघर त्या मॉडेलने कधी ऐकलीच नसणार. ओवीच्या शेवटी आजी सूर लांबवते तिथे प्रत्येक वेळी त्याची गल्लत झाली आणि सुराचं शेपूट जात्यासोबत गेलं. मॉडेलला जे शिकवलंय तेच त्याला ओळखता येतं.

बीटल्सच्या बाबतीत हे शिकवणं झालं न्यूझीलंडमध्ये. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला दिग्दर्शक पीटर जॅक्सन 'गेट बॅक' ही डॉक्युमेंटरी करत होता. जानेवारी १९६९ मधलं साठेक तासांचं फुटेज, त्याहून कितीतरी जास्त तासांचा ऑडिओ, आणि सगळा मोनो. गंमत म्हणजे, खासगी बोलायचं असेल तेव्हा हे लोक मुद्दाम गिटार खणखणत ठेवायचे, म्हणजे शूटिंगवाल्यांच्या टेपवर बोलणं येणार नाही. जॅक्सनच्या टीमने आवाज वेगळे करणारी सिस्टिम बनवली, बीटल्सचा मदतनीस मॅल इव्हान्स याच्या आठवणीने तिला 'मॅल' नाव दिलं, आणि तिने ती गिटार पुसून टाकली. खालचं बोलणं लख्ख ऐकू आलं. २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी ते बघितलं.

मला हे बघताना मजा वाटली आणि कसंतरीही वाटलं. त्या लोकांनी १९६९च्या हिशोबाने आपलं एन्क्रिप्शन केलं होतं. बावन्न वर्षांनी ते फुटलं. आज आपण ब्लर केलेले फोटो आणि मागे टीव्ही मोठा करून केलेले फोन याच भरवशावर सोडून देतो.

२ नोव्हेंबर २०२३

त्याच सिस्टिममध्ये 'नाऊ अँड देन'ची टेप घातली आणि जॉनचा गळा पियानोपासून सुटा झाला. नवा अक्षरही तयार केला नाही. जे ऐकू येतं ते १९७७च्या सुमाराला त्या खोलीत त्याने गायलेलंच आहे. बाकीचं हाताने केलेलं काम. जॉर्ज २००१ मध्ये गेला होता, त्याची १९९५ची गिटार होतीच. पॉलने बेस वाजवला आणि जॉर्जच्या ढंगात स्लाइड गिटार. रिंगोने ड्रम. लॉस एंजलिसमध्ये व्हायोलिनचा ताफा बसवला, आणि त्या वादकांना हे बीटल्सचं गाणं आहे हे सांगितलंच नाही. मागचे कोरसचे सूर बीटल्सच्याच साठच्या दशकातल्या गाण्यांमधून उचलले. पॉलसोबत निर्माता होता जाइल्स मार्टिन, म्हणजे बीटल्सच्या मूळ निर्मात्याचा, जॉर्ज मार्टिनचा मुलगा. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'लव्ह मी डू' ठेवलं. ब्रिटनमध्ये गाणं एक नंबरला गेलं, बीटल्सचं १९६९ नंतरचं पहिलंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, घ्यायला शॉन गेला होता.

तुलनेला आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०२४च्या 'लाल सलाम' या तमिळ सिनेमात ए. आर. रहमानने बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांच्या आवाजाची मॉडेल वापरून नवं गाणं केलं. घरच्यांची परवानगी घेऊन, पैसे देऊन, उघडपणे सांगून. तरीही ते गाणं त्या दोघांनी कधी गायलेलं नाही. तो 'बनवला' वर्ग. जॉनचा 'काढला' वर्ग. पुढच्या वेळी ग्रुपवर अशी बातमी आली की आधी एवढंच विचारा, गायक हे खरंच गायला होता का?

'काढला' वर्गातही प्रश्न संपत नाहीत. परवानगी योकोची होती, मुलांची होती, जॉर्जच्या घरच्यांची होती. जॉनला विचारायची सोय नव्हती. शिवाय पॉलने जॉनच्या कच्च्या गाण्यातला एक अख्खा भाग गाळला आहे. गाणं त्यामुळे आटोपशीर झालं हे खरं, पण मला तो गाळलेला भाग आवडायचा. मूळ टेपची कॉपी चाहत्यांमध्ये कित्येक वर्षं फिरत होती, त्यामुळे माझ्यासारखे तक्रार करणारे बरेच आहेत. यात एआयचा काही दोष नाही. साठच्या दशकात ही कापाकापी दोघांनी समोरासमोर भांडून केली असती, इतकंच.

या गाण्याच्या निर्मितीवर बारा मिनिटांची एक अधिकृत फिल्म यूट्यूबवर आहे. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून बघा. त्यात आधी कॅसेट वाजते, पियानो आणि त्याच्या आत कुठेतरी दबलेला माणूस. मग पियानो निघून जातो आणि नुसता गळा उरतो, चाळिशीला टेकलेला, जरासा थकलेला. आईवर गाणं करतानाही ज्याने आपला आवाज इतका सडा सोडला नव्हता, तो हाच.